नर्सबाईंसाठी निवडलेला कुत्रा

फाल्गुन लागला की नाल्याकाठचा पळस आधी काळा पडतो. कळ्यांवर तपकिरी-काळी लव असते, त्यामुळे लांबून झाड वाळल्यासारखं दिसतं. मग आठ-दहा दिवसांत त्या बिनपानांच्या फांद्यांवर केशरी फुलं बसतात, आणि त्याच सुमारास दुपारच्या वाऱ्याला पहिल्यांदा धग येते. यंदाही तसंच झालं. मी सकाळी साडेपाचला घरून निघतो, शेतांमधल्या पांदणीने नाल्यापर्यंत जातो आणि ऊन चढायच्या आत परत येतो. पंच्याहत्तरी उलटली, पण पाय चालतात.

गेल्या आठवड्यात पुण्याहून मुलाचा फोन आला. "बाबा, आई गेल्यापासून तुम्ही एकटेच फिरता. तुमच्यासाठी कुत्रा घेऊ या. लॅब्राडोर बरा की बीगल? तुम्हाला तर जनावरांतलं कळतं."

जनावरांतलं कळतं हे खरं. तीस वर्षं मी गुरांच्या दवाखान्यांतून काम केलं. पशुधन पर्यवेक्षक हे सरकारी नाव. गावं मला डॉक्टर म्हणत, आणि मी कधी कोणाला दुरुस्त केलं नाही. पण कुत्रा मी आयुष्यात एकदाच निवडला, तोही दुसऱ्यासाठी. त्या कुत्र्याबद्दल गावात आजही जे सांगितलं जातं ते खोटं आहे, आणि ते माझ्या तोंडून निघालेलं आहे. ऐकलेल्यांतली बरीच माणसं आता नाहीत. जी आहेत त्यांच्यासाठी सरळ लिहितो. नर्सबाईंचा कुत्रा पिसाळलेला नव्हता.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमचं गाव आर्वी तालुक्यातलं, रोहण्याच्या अलीकडचं. अनसूयाबाई सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. छप्पन साली धम्मदीक्षा घेतलेल्या आमच्या गावातल्या पहिल्या घरांपैकी त्यांचं घर. नवरा लवकर वारला, एकुलती मुलगी कुसुम नाचणगावला दिलेली. आमच्या आणि आसपासच्या तीन-चार गावांतली निम्मी लेकरं नर्सबाईंच्या हातावर आली होती. निवृत्तीनंतर त्यांनी नाल्यापलीकडचं चार एकराचं वावर स्वतः पाहायला घेतलं. रोज सकाळी पांढरं लुगडं, पायात नोकरीतलेच कॅनव्हासचे बूट आणि काखेत छत्री, अशा त्या निघत. जायला दोन मैल, यायला दोन मैल. त्यांच्यासोबत चालताना मला, तिशीतल्या माणसाला, दम लागायचा.

एका सकाळी त्या दवाखान्यात आल्या. मी एका गोऱ्ह्याच्या खुरातला काटा काढत होतो. त्या उभ्या राहून पाहत होत्या. काटा निघाल्यावर म्हणाल्या, "डॉक्टर, मले एक कुत्रं पाह्यजे."

"राखणीले का जी?"

"राखणीले मी हाओ ना. सोबतीले पाह्यजे. मानसं लय बोलतात. कुत्रं बोलत नाई."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. औषध लिहून द्यावं तशी त्यांनी यादी सांगितली. "पिल्लू नोको. पिल्लाचं आयुष्य माह्याहून लांब भरंन, मागून त्याले कोन पाहीन? तीन-चार वर्षाचं पाहा, खोडी जिरलेलं. केसं बारीक पाह्यजे, आपल्याकडचं ऊन त्याले झेपलं पाह्यजे. सायकल, कोंबडी, बकरी दिसली का धावनारं नोको. अन् वजन मले उचलता येईन एवढंच. मी पडली तं त्यानं थांबलं पाह्यजे, अन् थे पडलं तं मले त्याले बैलबंडीत टाकता आलं पाह्यजे."

"बाई, तुमी तं नवरदेव पाहून राह्यल्या."

"नवरदेव पाहाले कोनी इतका इचार करत नाई. म्हून तं पस्तावतात," त्या म्हणाल्या.

तेव्हा मला ती यादी गमतीची वाटली. आज मी त्यांच्याहून मोठा आहे आणि रोज तेवढंच चालतो, तेव्हा त्या यादीतला शब्दन् शब्द कळतो. साठीनंतर माणसाची ताकद एकदम जात नाही. बाई तेव्हा पाण्याच्या दोन घागरी सहज उचलत. आधी जातो तो तोल. सरळ वाटेने मैलभर जाता येतं, पण बाजूने अचानक हिसका बसला की सावरायला जो क्षण लागतो, तो पूर्वी जवळ असायचा आणि आता नसतो. चालत्या म्हाताऱ्याला पाय धड असल्यामुळे हे उमगतच नाही. त्याला ओढणारं जनावर नको, त्याच्या पावलाबरोबर पाऊल टाकणारं हवं. बाईंना हे अनुभवाआधीच माहीत होतं. आयुष्यभर त्यांनी पडलेली माणसं उचलली होती.

परवा मी मुलाला फोन करून हीच यादी सांगितली. तो म्हणाला, "ते ठीक आहे, पण ब्रीड कोणती?" मी म्हणालो, "गावठी मादी, तीन-चार वर्षांची, स्वभाव पाहून." तो जरा नाराज झाला असावा. मी तेव्हा त्याच्याच जागी होतो.

कारण तशी मादी तेव्हा समोर होती. पौषात बाईंच्या वावरात, ज्वारी निघालेल्या तुकड्यावर, धनगराचा कळप बसला होता. आमच्याकडे खतासाठी मेंढ्या बसवून घेतात, आठ-पंधरा दिवस कळप त्या वावरात मुक्कामी असतो. धनगराजवळ तांबूस रंगाची, बारीक केसांची, एक कान दुमडलेली कुत्री होती. बाई वावरात आल्या की ती उठायची, त्यांच्या मागे धुऱ्याधुऱ्याने, बांधावरून, एक फेरी मारायची आणि परत मेंढ्यांजवळ जाऊन बसायची. कोणी शिकवलेलं नव्हतं. धनगर म्हणाला, "घेऊन जा जी बाई, माह्याजवळ दोन हायेत. ही तुमची झालीच हाय." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "कशी हाय डॉक्टर?"

मी कुत्रीकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. "हे गावठी हो. तुमच्यासारख्या रिटायर नर्सबाईले शोभते का? थांबा जरा, मी आनतो एक."

इथे माझ्या एका सवयीबद्दल लिहायला हवं. आर्वीकडे गवळाऊ जातीचे पांढरे बैल. बाजारात गोऱ्हा घ्यायचा तर दहा गावांतले शेतकरी मला सोबत नेत. छाती किती रुंद, वशिंड कसं बसलंय, खूर बंद की फाकलेले, भोवरा कुठे, डोळ्यात तेज आहे की नाही, हे मी चार पावलांवरून सांगायचो. माझा शब्द चालायचा. अंगात पाणी असलेलं, उसळणारं, दाव्याला ताण देणारं जनावर मला आवडायचं. बैलाला ते चालतं, कारण त्याच्या मानेवर जू येतं, बाजूला जोडीदार असतो, मागे गाडीचं ओझं असतं आणि वेसण असते. कुत्रा निवडताना मी तीच नजर लावली. जनावर पाहिलं. दावं कोणाच्या हातात जाणार, ते पाहिलं नाही.

पुलगावच्या एका साहेबांची दूर बदली झाली होती आणि त्यांना त्यांचा अल्सेशियन कोणाला तरी देऊन टाकायचा होता. मी गेलो. फाटकाच्या आत तो उभा होता. पाठ काळी, छाती भरलेली, कान ताठ. मला दुसरं काही सुचलं नाही. आमच्या भागात असा कुत्रा कोणाकडे नव्हता, आणि तो गावात मी आणणार होतो.

साहेबांकडे कामाला असलेला एक वयस्क माणूस त्याला साखळी लावून बाहेर घेऊन आला. साहेब आत गेल्यावर तो हळूच म्हणाला, "किसके लिए ले जा रहे हो, साब?"

"हमारे गाँव की एक बाई है. रिटायर नर्स."

"बूढ़ी है?"

"बूढ़ी है, लेकिन लय चलती है."

त्याने साखळी जरा आखूड धरली. मग म्हणाला, "सायकिल के पीछे भागता है, साब. मेरे को दो बार गिराया. और गर्मी में इसका दिमाग नहीं रहता. दिन भर पंखे के नीचे सोता है. देख लो आप."

मी ऐकलं. विसरलो असतो तर आज हे लिहावं लागलं नसतं. मी ऐकलं, मान हलवली, आणि गावात कोणाला एक अक्षर सांगितलं नाही. कापूस टाकून रिकाम्या परतणाऱ्या ट्रकमध्ये मी त्या कुत्र्याला घेऊन आलो. त्याचं नाव राजा. ट्रकच्या मागे लोक धावले. पाराजवळ कोणी तरी म्हणालं, "अरे बापा, डॉक्टरनं वाघ आनला!" मला ते आवडलं.

बाईंनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली. "लय मोठा हाय हो."

"मायाळू हाय. सवय होते."

"मले उचलता येईन का हा?"

"तुमी काऊन उचलान? हाच तुमाले उचलून आनीन."

त्या माझ्यावर विश्वास ठेवत. मी त्यांच्या गाई-बकऱ्या पाहत होतो आणि कधी चुकलो नव्हतो. माघातले दिवस थंड होते. राजा त्यांच्यासोबत शेतावर जायचा आणि यायचा. येताना बाईंचा उजवा खांदा डाव्यापेक्षा पुढे असायचा. मला दिसत होतं. "दावं हातातून सुटते हो," त्या एकदा म्हणाल्या. मी सांगितलं, "मनगटाले दोन वेढे देत जा, मंग सुटत नाई."

होळी होऊन पाच-सहा दिवस झाले होते. त्या दिवशी बाईंना परतायला उशीर झाला, नऊ वाजून गेले होते आणि ऊन तापलं होतं. पांदणीत समोरून दूधवाला सायकलवर आला, दोन्ही बाजूंना कॅन खडखडत. राजा सुटला. मनगटाला दोन वेढे होते. बाई पालथ्या पडल्या आणि सात-आठ हात मुरमावरून फरफटत गेल्या. दूधवाल्याने सायकल टाकली आणि ओरडत गावाकडे पळाला. बाई उठून बसल्या. दावं मनगटात रुतलं होतं. ते ढिलं करायला त्यांनी कुत्र्याला जवळ ओढलं, आणि त्या झटापटीत त्याचा दात त्यांच्या हाताला लागला. मी पोचलो तेव्हा त्या पदराने हात बांधत होत्या. हे सगळं त्यांनीच सांगितलं, न रडता. "चावला नाई थो. लागला."

तोवर काठ्या घेऊन पंधरा-वीस लोक जमले होते. राजा बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत बसला होता. जीभ लोंबत होती, तोंडाला फेस होता, डोळे लाल. त्या केसाळ अंगाला आमचं ऊन सोसत नव्हतं, एवढंच. पण गर्दीतून आवाज आला, "पिसाळला हो हा!" आणि दुसरा, जरा हसूनच, "डॉक्टर, तुमीच आनलता न हा वाघ?"

मी लोकांना मागे हटवलं. जवळच्या विहिरीतून एक बादली पाणी काढलं आणि एकटाच त्याच्याजवळ गेलो. त्याने बादलीत तोंड घातलं आणि अर्धी बादली प्यायला. पिसाळलेल्या जनावराला पाणी गिळता येत नाही, हे मी शिकलेल्या पहिल्या गोष्टींपैकी एक होतं. मी लोकांकडे पाठ करून उभा होतो. उरलेलं पाणी मी मातीत ओतून दिलं. परत आलो आणि म्हणालो, "लक्षनं दिसून राह्यली. पान्याले तोंड लावत नाई."

त्या वेळी मनात काय होतं, हे मी अनेकदा तपासलं आहे. भीती नव्हती, घाईही नव्हती. कुत्रा पिसाळला तर तो कोणाचाच दोष नसतो. कुत्रा चुकीचा निवडला तर तो माझा असतो. पुढच्या बाजारात गोऱ्हा घ्यायला कोणी मला सोबत नेलं नसतं. एवढंच होतं.

बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "दहा दिवस बांधून पाहू ना. जिवंत राह्यला तं काई नाई. नेम तोच हाय न, डॉक्टर?"

नेम तोच होता. मी म्हणालो, "बाई, गावात लेकरंबाळं हायेत." मग मला काही बोलावं लागलं नाही, बाकीचं गाव बोललं. मी इंजेक्शन भरलं. राजाने मला जवळ येऊ दिलं, कारण तो मला ओळखत होता. दुपारी त्याला नाल्याकाठी पुरलं. दवाखान्याच्या नोंदवहीत लिहिलं, पिसाळल्याचा संशय. अक्षर चांगलं आलं होतं.

तेव्हा पिसाळलेलं कुत्रं चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत. रोज एक, बेंबीभोवती जागा बदलत. बाईंनी स्वतः अनेकांना ती घ्यायला लावली होती. आता रोज सकाळी त्या एसटीने आर्वीला जात, इंजेक्शन घेऊन दुपारच्या गाडीने परत. पहिल्या दिवशी मी सोबत गेलो. गाडीत त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. बाहेर पळस होता, मोहाखाली टोपल्या घेऊन बाया वाकल्या होत्या. "पानी दाखवलं होतं का तुमी त्याले?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. त्यांनी आणखी काही विचारलं नाही. आठव्या-नवव्या दिवसानंतर पोट सुजून दगडासारखं झालं होतं, नऊवारीचा कासोटा बसेना, म्हणून त्या पाचवारी नेसू लागल्या. तेही मी पाहिलं.

इंजेक्शनं संपली, पण तेवढ्याने संपलं नाही. आमच्याकडे तेव्हा लोकांच्या मनात एक गोष्ट पक्की होती. कुत्र्याचं विष अंगात दबून बसतं आणि वर्षातला पहिला मोठा गडगडाट झाला की उठतं. माणूस भुंकतो, चावतो. तो गडगडाट पार पडेपर्यंत अशा माणसाचा भरवसा धरायचा नाही. शिकलेलेही मनातून मानत. ते विष नव्हतंच, हे गावात एका माणसाला माहीत होतं.

तो उन्हाळा मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. चैत्रात बाया एकमेकींच्या अंगणात शेवया करायला बसत, एक पाट, चार-पाच जणी, वर सावलीला धोतर बांधलेलं. नर्सबाईंच्या अंगणात कोणी बसलं नाही, आणि त्यांना कोणी बोलावलं नाही. त्यांनी एकटीने शेवया केल्या आणि बाजेवर वाळत घातल्या. विहिरीवर त्या आल्या की दुसरीची घागर बाजूला सरकायची, सहज सरकल्यासारखी. त्यांच्याकडून दूध-ताक घेणाऱ्यांनी निरोप पाठवला की सध्या नको. दुपारी वावटळ उठून रस्त्यावरचा पालापाचोळा गोल फिरवत त्यांच्या दारावरून जायची, आणि त्या दारात खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत बसलेल्या दिसायच्या. चालणं त्यांनी सोडलं नाही. एकट्या जायच्या, एकट्या यायच्या, पण चाल उतरली होती.

वैशाखात माझ्या बायकोचे दिवस भरले. हाच मुलगा, पुण्याचा. दुपारी बाराला कळा सुरू झाल्या, दोन वाजेपर्यंत मूल अडलं आहे असं दिसू लागलं. नर्सबाईंचं घर आमच्यापासून चौथं. बोलवायला कोणी गेलं नाही. मी शेजारच्या गावातल्या सुइणीसाठी बंडी पाठवली आणि अंगणात येरझारा घालत राहिलो.

बाई आपणहून आल्या. कंपाउंडच्या फाटकाशी उभ्या, हातात ती जुनी चामड्याची बॅग. माझी आई ओसरीवरून म्हणाली, "बाई, तुमी आत नोका येऊ. राग नोका मानू. लेकराचा मामला हाय."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला दोन वाक्यं बोलायची होती, आई, काही धोका नाही, मला माहीत आहे. पुढचा प्रश्न आला असता, तुले कसं माहीत? मी फाटकाच्या कडीकडे पाहत राहिलो.

"मी काऊन राग मानू, आजी?" बाई आईला म्हणाल्या. "फाटकाबाहेर उभं राहाची मले लहानपनापासून सवय हाय. मधात काई वर्षं सुटली होती."

बाई तिथूनच, उन्हात उभ्या राहून, सांगू लागल्या. पाणी उकळा. कातर उकळत्या पाण्यात टाका, नुसती धुऊ नका. तिला डाव्या कुशीवर वळवा. जोर लावू नको म्हणा, तोंडाने श्वास सोडायला लावा. माझी बहीण आतून ओरडून विचारायची आणि त्या बाहेरून ओरडून उत्तर द्यायच्या. सुईण येईपर्यंत पाऊण तास हे चाललं. मूल झालं, रडलं, तो आवाज ऐकून त्यांनी छत्री उघडली आणि गेल्या. मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

रोहिणी नक्षत्रात एका संध्याकाळी पश्चिमेला काळं भरून आलं. पाऊस नव्हता, नुसती वीज. लोक आपापल्या दारांत आले, आभाळाकडे पाहत होते असं म्हणता येणार नाही, नर्सबाईंच्या घराकडे पाहत होते. त्या बाहेर आल्या, अंगणाच्या मधोमध उभ्या राहिल्या, सगळ्यांना दिसतील अशा. कडाडलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा असं की कौलं थरथरली. त्या कमरेवर हात ठेवून उभ्याच. मग मोठ्याने म्हणाल्या, "झालं का समाधान? का भुंकून दाखवू?"

लोक हसले. कोणी तरी म्हणालं, "या बाई, चहा घ्याले." दुसऱ्या दिवसापासून घागरी सरकायच्या थांबल्या. गाव असं सहज जवळ घेतं, जसं सहज दूर करतं. मीही हसलो होतो, आणि मला सुटल्यासारखं वाटलं होतं. ते वाटणं मी माझ्या दोषांत धरतो.

त्यानंतर त्या दहा-बारा वर्षं जगल्या. कुत्रा पुन्हा पाळला नाही. पुढच्या पौषात धनगर आला तेव्हा ती तांबूस कुत्री त्याच्यासोबत नव्हती, यवतमाळकडे कोणाला तरी दिली होती. मला बाई शेवटपर्यंत डॉक्टर म्हणत. माझ्या पोराला दरवर्षी झबलं, मग सदरा शिवून देत. मी अनेकदा त्यांच्या दारापर्यंत गेलो. एकदा तर बसलो, चहा प्यायलो, आणि बकरीच्या जंताच्या औषधाबद्दल बोलून परत आलो. त्यांना कळलं होतं का, मला माहीत नाही. पाण्याबद्दल त्यांनी तो एकच प्रश्न विचारला होता.

मुलाशी फोनवर बोलणं झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी नाचणगावला गेलो. कुसुमताई आता सत्तरीला टेकल्या आहेत. मला त्यांनी ओळखलं, बसायला खुर्ची दिली, म्हणाल्या, "उन्हाचे काऊन आले जी, डॉक्टर?" मी सांगितलं. पुलगावच्या माणसाने काय सांगितलं होतं ते, मनगटाच्या दोन वेढ्यांचं, पाण्याचं, फाटकाचं. क्रमाने सांगितलं.

"माही पोरगी तवा चार महिन्याची होती," त्या म्हणाल्या. "पंधराव्या रोजी आई इथं आली. इंजेक्शनं संपवून सरळ इथं. पोट धरून चालत होती. हातात झबलं होतं. म्हने, दे वो तिले माह्याजवळ. मी नाई देल्ली. उंबरठ्याच्या आतून दाखवली. म्हटलं, आई, एक गडगडाट होऊन जाऊ दे. मी सातवी शिकलेली. नर्सबाईची पोरगी. आई म्हने, बरं. झबलं उंबरठ्यावर ठेवलं अन् दुपारच्याच गाडीनं गेली."

मी म्हणालो, "चूक माझी होती, ताई. तुमची नाही."

"तुमचं तुमच्याजवळ ठेवा," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "तुमी खोटं बोलले, थे मले आज कळलं. मी तिले पोरगी देल्ली नाई, थे मले चाळीस-पंचेचाळीस वर्षं मालूम हाय. तुमच्या सांगन्यानं थे फिटत नाई. उलट आता असं झालं का काई कारनच नोतं."

त्या उठून आत गेल्या. मला वाटलं, मी निघावं. पण त्या पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, माझ्यासमोर ठेवला.

"कुठं लिहून ठेवनार हाय का हे?"

मी हो म्हणालो. लिहायचं ठरवूनच आलो होतो.

"मंग माहं बी लिहा. कुसुमनं आपल्या आईच्या मांडीवर लेक देल्ली नाई, असं नावासहित लिहा. तुमी लोकाईले एकटेच चांगले दिसू नोका."

त्यांनी सांगितलं तसं लिहिलं आहे.